दाढ तुटली म्हणून आलेल्या काकू आणि त्यांची औषधांची पिशवी

वय ६८. पालिकेच्या शाळेतून निवृत्त शिक्षिका, मुलुंड पूर्वेला मुलगा-सुनेसोबत राहतात. मधुमेह, रक्तदाब, २०१९ मध्ये हृदयाच्या एका रक्तवाहिनीत बसवलेला स्टेंट. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये माझ्या दवाखान्यात आल्या त्या खालची डावी दाढ भाकरी चावताना तुटली म्हणून. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत, औषधं आणि आकडे तेच ठेवले आहेत.

कोरड्या तोंडाची तक्रार त्यांनी केलीच नव्हती. दाढ दाखवून झाली आणि खुर्चीतून उठता उठता म्हणाल्या, "डॉक्टर, ही खालची कवळी पण जरा घट्ट करून द्या. हल्ली बोलताना उचलते. भजनात तर तोंडावर पदर धरून गाते मी." खालची अर्धी कवळी २०२२ च्या जूनमध्ये इथेच बसवली होती. तेव्हाचा पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढून समोर ठेवला. त्यात दोन जुनी सिमेंटं सोडली तर दात स्वच्छ होते. आता मोजले तर नऊ नवे किडके दात, आणि बहुतेक कीड हिरडीच्या काठाशी, मुळावर.

त्यातही खटकले ते खालचे समोरचे दात. तोंडात शेवटी किडतात ते हे. जिभेखालच्या ग्रंथींची तोंडं त्यांच्या मागेच उघडतात, त्यामुळे ते दिवसभर लाळेत भिजत असतात. ज्या माणसाच्या दाढा सगळ्या गेल्या आहेत, त्याचेही हे चार दात बहुधा टिकून असतात. काकूंच्या त्याच दातांच्या मानेवर तपकिरी खाचा होत्या. तिथे कीड दिसली की मी ब्रशबद्दल विचारण्याआधी लाळेबद्दल विचारते.

तपासणीत बाकीचंही जुळत गेलं. आरसा गालाच्या आतून सरकेना, चिकटून बसला आणि ओढून काढावा लागला. जिभेखाली लाळ साठायला हवी तिथे फक्त थोडा फेस. जीभ लाल, गुळगुळीत, मधोमध चिरा. कवळीखालची हिरडी लालभडक, ओठांचे दोन्ही कोपरे फाटलेले. म्हणजे कॅन्डिडा नावाची बुरशीही मुक्कामाला आलेली.

मग नेहमीचे प्रश्न. कोरडी पोळी पाण्याच्या घोटाशिवाय गिळता येते का? रात्री उशाशी तांब्या लागतो का? बोलताना जीभ टाळ्याला चिकटते का? सगळ्याला "हो". "पण ते वयामुळे ना?" असं त्यांनीच वर विचारलं. निरोगी माणसाची लाळ नुसत्या वयाने इतकी आटत नाही. वयाबरोबर वाढतात त्या गोळ्या.

या कोरडेपणावर काकूंनी आपल्या परीने इलाज शोधला होता: लिमलेटच्या गोळ्या. पर्समध्ये कागदाची पुडी, भजनाला जाताना एक, दुपारी टीव्ही पाहताना दोन-तीन, रात्री जाग आली की आणखी एक गालात. मधुमेह असून? "चघळते फक्त, खात नाही," हे उत्तर. गोळीने तोंडाला पाणी सुटतं हे खरं. पण दाताचं कवच साधारण ५.५ पीएचच्या (आम्लतेचं माप, आकडा कमी तितकं आम्ल जास्त) खाली विरघळायला लागतं, मुळाचा भाग तर ६.२ ते ६.५ च्या आसपासच. भरपूर लाळ असलेल्या तोंडात साखरेनंतरचं आम्ल लाळेतला बायकार्बोनेट अर्ध्या-एक तासात निवळवतो. काकूंच्या तोंडात निवळवायला काही शिल्लकच नव्हतं, आणि गालात गोळी ठेवून झोपलं की रात्रभर तसंच. लिंबाची चव म्हणजे साखरेवर वरून आम्ल. नऊ किडींचा हिशोब मला तिथेच लागला. लाळ मात्र का आटली, ते अजून कळायचं होतं.

लाळ मोजली

यासाठी मोठं यंत्र लागत नाही, आणि तरीही फार थोड्या दवाखान्यांत ती मोजली जाते. रुग्णाला मान खाली घालून शांत बसवायचं, गिळायचं नाही, जमेल ती लाळ पाच मिनिटं एका छोट्या कपात पडू द्यायची आणि सिरिंजने मोजायची. मिनिटाला ०.३ ते ०.४ मिलिलिटर हे साधारण ठीक. ०.१ च्या खाली गेलं की लाळ खरोखरच कमी आहे असं धरतात. काकूंची पाच मिनिटांत जमली ०.३ मिलिलिटर, म्हणजे मिनिटाला ०.०६.

मग साधं मेण चावायला दिलं. त्या पाच मिनिटांत ४.५ मिलिलिटर, मिनिटाला ०.९. हा आकडा फारसा वाईट नाही, आणि निदानाच्या दृष्टीने तोच मोलाचा. चावल्यावर लाळ येते म्हणजे ग्रंथी शाबूत आहेत, त्यांना मिळणारा हुकूम कुठेतरी अडतो आहे. डोक्या-मानेच्या रेडिएशननंतर किंवा बळावलेल्या शोग्रेन विकारात (यात शरीराची प्रतिकारशक्ती लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवरच उलटते) ग्रंथीच निकामी झालेली असते. तिथे चावूनही फारसं काही येत नाही. काकूंच्या डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होत नव्हतं, कानाखालच्या ग्रंथी सुजलेल्या नव्हत्या. पुढे फिजिशियननी शोग्रेनसाठीची रक्ततपासणीही करून घेतली, ती नकारात्मक आली. तीन महिन्यांची साखरेची सरासरी (एचबीए१सी) ७.२ टक्के होती, म्हणजे साखर इतकीही चढलेली नव्हती की तिच्यावर सगळं ढकलावं.

हुकूम अडतो तो असा. लाळग्रंथींना मज्जातंतूकडून असिटिलकोलिन या रसायनाचा निरोप येतो आणि ग्रंथीवरचं एम३ नावाचं ग्राहीस्थान तो घेतं. लघवीच्या पिशवीचा स्नायू आकसतो तोही याच एम३ मुळे. आतड्याची हालचाल, डोळ्याचं जवळचं फोकस, सगळीकडे हेच रसायन. त्यामुळे पिशवी शांत करणारं औषध तोंडही वाळवतं. बरीच जुनी सर्दीची, झोपेची, नैराश्याची आणि पोटातल्या कळांची औषधं, घेतली वेगळ्या कारणासाठी तरी, हाच निरोप अडवतात.

पिशवी

"काकू, घरातली सगळी औषधं घेऊन या. डॉक्टरांनी दिलेली, केमिस्टकडून आणलेली, शेजारणीने दिलेली, सगळी." दोन दिवसांनी त्या आणि सूनबाई साडीच्या दुकानाची एक कापडी पिशवी घेऊन आल्या. आत तीन फायली आणि औषधांचा ढीग. टेबलावर ओतून एकेक पाकीट लावलं.

अ‍ॅस्पिरिन, अ‍ॅटोरव्हास्टॅटिन आणि मेटफॉर्मिन, म्हणजे रक्त पातळ ठेवणारी, कोलेस्टेरॉलची आणि मधुमेहाची गोळी, बाजूला ठेवली, कोरडेपणाशी त्यांचा संबंध नाही. राहिली अ‍ॅम्लोडिपिन १० मिलिग्रॅम, टॉरसेमाइड १०, सॉलिफेनासिन १०, अ‍ॅमिट्रिप्टिलिन २५. आणि एक कापलेली पट्टी. चार गोळ्या उरलेल्या, कात्री नेमकी नावावरून गेलेली. मागच्या चांदीच्या कागदावर बॅच नंबर आणि शेवटची चार-पाच अक्षरं. केमिस्टकडे सुट्ट्या गोळ्या घेणाऱ्या प्रत्येक घरात अशा पट्ट्या असतात. "ती काही नाही, ती सर्दीची," काकू म्हणाल्या. "नाक बंद असलं की रात्री एक घेते. झोप पण छान लागते." नाक किती दिवस बंद आहे? सूनबाईंनी काकूंकडे पाहिलं. "आई, गणपतीपासून रोज घेताय तुम्ही."

नाक्यावरच्या केमिस्टला फोन करून नाव विचारलं: क्लोरफेनिरामाइन, फिनाइलेफ्रिन आणि पॅरासिटामॉल. यातलं पहिलं जुन्या पिढीचं अ‍ॅलर्जीविरोधी औषध, झोप आणणारं आणि तोंड वाळवणारं. दुसरं रक्तवाहिन्या आकसून नाक मोकळं व्हावं म्हणून घातलेलं. रक्तदाब आणि स्टेंट असलेल्या बाईने ते रोज घेणं हा वेगळाच घोर. पिशवीतली ही एकच गोळी अशी होती की जी कुठल्याच फायलीत नव्हती. म्हणून कागदावरची यादी पुरत नाही, पिशवीच हवी.

अ‍ॅमिट्रिप्टिलिनची कथा सरळ होती. २०२३ च्या ऑगस्टमध्ये काकूंना छातीच्या उजव्या बाजूला नागीण झाली. फोड गेले पण आग राहिली, म्हणून मज्जातंतूतज्ज्ञांनी रात्री ही गोळी दिली. अशा दुखण्यावर ती चांगलं काम करते, दिली ते योग्यच. आग त्या वर्षीच्या दिवाळीनंतर थांबली. फायलीत पुढच्या तिन्ही भेटींत "औषधं पूर्ववत चालू" एवढीच ओळ होती आणि नंतर भेटीच थांबल्या. आपल्याकडच्या चिठ्ठीवर औषध सुरू झाल्याची तारीख असते, बंद कधी करायचं ती कधीच नसते. ही सवय बदलावी असं मला फार वाटतं. निदान "तीन महिन्यांनी विचार करावा" एवढं तरी लिहायला काय हरकत आहे?

साखळी

उरलेल्या तीन औषधांच्या तारखा एका कागदावर खालीखाली लिहिल्या आणि मग चित्र दिसलं.

२०२२ च्या फेब्रुवारीत रक्तदाब आटोक्यात येईना म्हणून अ‍ॅम्लोडिपिन ५ वरून १० झालं. या औषधाने घोटे सुजतात, आणि डोस वाढला की जास्त: ५ मिलिग्रॅमवर शंभरातल्या साधारण तिघांना, १० वर जवळजवळ अकरा जणांना. काकूंचे सुजले, चपलेचे पट्टे रुतायला लागले. जूनमध्ये सूज उतरवायला टॉरसेमाइड आलं, लघवी वाढवणारं. गंमत अशी की अ‍ॅम्लोडिपिनची सूज अंगात पाणी जास्त झाल्याने येत नाही, बारीक रक्तवाहिन्या सैल पडून पाणी बाहेर झिरपल्याने येते. लघवीच्या गोळीने ती फारशी हटत नाही. सूज थोडी राहिली आणि लघवी मात्र वाढली.

टॉरसेमाइड काकू दुपारी जेवणानंतर घ्यायच्या, कारण सकाळी घेतलं तर बाहेर पडता येत नाही. मुलुंडहून दादरला बहिणीकडे जायचं तर लोकलमध्ये सोय नाही आणि स्टेशनवरच्या सोयीबद्दल न बोललेलं बरं. मुंबईतल्या कितीतरी बायका करतात तेच त्यांनी केलं: बाहेर जायच्या दिवशी सकाळपासून पाणी पिणं बंद. त्याची भरपाई रात्री.

२०२३ च्या जानेवारीत "कळ आली की थांबवत नाही" म्हणून मूत्ररोगतज्ज्ञांकडे गेल्या. मूत्रपिशवी अतिसक्रिय आहे असं ठरलं, सॉलिफेनासिन ५ सुरू झालं. तोंड वाळायला लागलं. मग उशाशी तांब्या, मग रात्रीचं पाणी, मग रात्री चार वेळा उठणं. २०२४ च्या फेब्रुवारीत ही रात्रीची तक्रार घेऊन त्या पुन्हा त्याच तज्ज्ञांकडे गेल्या आणि डोस १० झाला. औषधाच्या चाचण्यांतले आकडे पाहा: औषध नसलेल्या नकली गोळीवर कोरडं तोंड शंभरात चौघांना, ५ मिलिग्रॅमवर साधारण अकरा जणांना, १० वर सत्तावीस-अठ्ठावीस जणांना. तोवर अ‍ॅमिट्रिप्टिलिन सुरू होतंच. गणपतीत त्यावर सर्दीची गोळी आली. तोंड वाळतं म्हणून पाणी, पाण्यामुळे लघवी, लघवीसाठी वाढीव गोळी, आणि तिच्यामुळे तोंड आणखी कोरडं.

यातल्या एकाही डॉक्टरने आपल्या जागेवरून बेजबाबदार औषध दिलं असं मला वाटत नाही. रक्तदाब वाढला होता, पाय सुजले होते, कळ खरंच थांबत नव्हती, नागीण खरंच जाळत होती. फक्त एकाच्या चिठ्ठीचा परिणाम दुसऱ्याकडे नवा आजार म्हणून पोचत गेला.

आणखी एक गोष्ट याच बैठकीत निघाली. काकूंच्या पर्समध्ये लिमलेटच्या शेजारी जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी असते. कधी लागली का, विचारलं. "महिन्यापूर्वी छातीत दाटलं तेव्हा ठेवली. पण विरघळेचना, शेवटी चावून गिळली." त्या वेळी घरच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला होता, तो ठीक होता. गोळी का विरघळली नाही, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं. जिभेखाली ओल नसेल तर ती गोळी विरघळायला वेळ लागतो, आणि तेव्हा वेळच तर नसतो. मी त्याच दिवशी त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना फोन केला. त्यांनी काकूंना तपासायला बोलावलं, जिभेखाली मारायचा स्प्रे लिहून दिला, आणि गोळीच वापरायची वेळ आली तर आधी पाण्याच्या घोटाने तोंड ओलं करायला सांगितलं. कोरड्या तोंडाच्या प्रत्येक हृदयरुग्णाला हा प्रश्न विचारावा असं मी आता सहकाऱ्यांना सांगत असते.

काय बदललं

दंतवैद्याने रक्तदाबाची किंवा मूत्रपिशवीची गोळी बंद करायची नसते. मी फिजिशियनना एक पानी पत्र लिहिलं: लाळेचे आकडे, किडींची संख्या, औषधांच्या तारखा. साखळी त्यांना लगेच दिसली. सर्दीची गोळी त्याच दिवशी बंद, नाकासाठी मिठाच्या पाण्याचा फवारा. अ‍ॅम्लोडिपिन पुन्हा ५ वर आणून सोबत टेल्मिसार्टन ४० दिलं. त्या जोडीने रक्तदाबही सांभाळतो आणि घोट्यांची सूजही कमी होते. सूज उतरल्यावर टॉरसेमाइड थांबवलं. अ‍ॅमिट्रिप्टिलिन एकदम न सोडता २५ वरून १० आणि मग शून्य, साधारण सहा आठवड्यांत. डोस उतरत असताना काकूंना बरगडीपाशी चार-पाच दिवस मुंग्या आल्या. "नागीण परत येते का काय?" म्हणून त्या घाबरल्या, पण मुंग्या आपोआप गेल्या.

सॉलिफेनासिनचा निर्णय मूत्ररोगतज्ज्ञांचा. त्यांनी आधी ५ वर आणलं आणि नंतर मिराबेग्रॉन २५ वर बदललं. हे औषध एम३ ला हात लावत नाही, वेगळ्या वाटेने मूत्रपिशवी सैल करतं, म्हणून तोंड जवळजवळ कोरडं पडत नाही. त्याने रक्तदाब चढू शकतो, तेव्हा घरी वही ठेवून रोज मोजायचं ठरलं. सॉलिफेनासिन अंगातून हळू जातं, निम्मं व्हायलाच दोन ते तीन दिवस लागतात. पहिल्या आठवड्यात "काहीच फरक नाही" म्हणत काकूंनी फोन केला, तेव्हा हेच समजावलं.

लाळ वाढवणारं पिलोकार्पिन द्यावं का, असं सूनबाईंनी इंटरनेटवर वाचून विचारलं. औषध खरं आहे, शोग्रेनमध्ये कामाचं आहे. पण ते घाम आणि लघवी दोन्ही वाढवतं. म्हणजे साखळीत नवी कडी, तीही मी जोडलेली. नको म्हटलं.

दातांचं काम माझ्याकडे होतं. तुटलेली दाढ काढली, अ‍ॅस्पिरिन बंद न करता. हिरडीला दोन टाके घालून रक्त सहज थांबलं. एका दाताचं रूट कॅनाल. मुळांवरच्या किडी ग्लास आयनोमर सिमेंटने भरल्या, कारण ते फ्लोराइड सोडत राहतं. उरलेल्या दातांना ५ टक्के सोडियम फ्लोराइडचं वार्निश, दर तीन महिन्यांनी पुन्हा. त्यात फ्लोराइड असतं २२,६०० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग), नेहमीच्या टूथपेस्टमध्ये साधारण १०००. बुरशीसाठी दोन आठवडे क्लोट्रिमाझोलचं औषध तोंडात आणि कवळीच्या आतल्या बाजूलाही, आणि रात्री कवळी काढून पाण्यात ठेवायची. कवळी न काढता झोपणाऱ्यांची बुरशी कितीही औषध लावलं तरी परत येते.

लिमलेट सोडवणं सर्वांत अवघड गेलं. साखर नसलेलं झायलिटॉलचं च्युइंगम सुचवलं तर काकू हसल्याच. "या वयात मी बबलगम चघळत लिफ्टमध्ये? माझे विद्यार्थी राहतात बिल्डिंगमध्ये." शिवाय ते कवळीला चिकटतं. शेवटी झायलिटॉलच्या चघळायच्या गोळ्यांवर तडजोड झाली. चहा दिवसातून पाच वेळा साखर घालून व्हायचा. दोनदाच राहिला, बिनसाखरेचा. भाकरी आमटीत कुस्करून. पाणी दिवसा घोट घोट, संध्याकाळनंतर फक्त तोंड ओलं करण्यापुरतं. अल्कोहोल असलेला माउथवॉश बंद. त्याऐवजी पेलाभर पाण्यात अर्धा चमचा खाण्याचा सोडा घालून चुळा.

तीन महिन्यांनी

२०२५ च्या फेब्रुवारीत पुन्हा कप दिला. पाच मिनिटांत ०.९५ मिलिलिटर, मिनिटाला ०.१९. पूर्वीच्या तिप्पट, तरी निरोगी माणसाच्या निम्म्याच्या आसपास. नवी कीड एकही नाही. खालच्या समोरच्या एका दाताचं सिमेंट मात्र निघालं होतं, ते पुन्हा भरलं. आरसा गालाला चिकटत नाही, ओठांचे कोपरे भरलेत. रात्री उठणं चारवरून एक-दोनवर आलं, घोटे उतरले, बद्धकोष्ठासाठी घ्यायच्या ते इसबगोलही रोज लागत नाही. "आई हल्ली किल्ल्या शोधत बसत नाही," असं मुलगा म्हणाला. असिटिलकोलिनचा निरोप अडवणारी औषधं वयस्कर माणसाची स्मृती मंदावतात हे माहीत आहे. पण एका घरच्या निरीक्षणावरून मी काही ठाम म्हणणार नाही.

कवळी अजून उचलते. ती मुळातच आता सैल झाली आहे, काढलेल्या दाढेची जागा भरून आली की नवी करावी लागेल. मिराबेग्रॉन पुढे चालू ठेवायचं की टॉरसेमाइड गेल्यावर मूत्रपिशवीच्या औषधाची गरजच उरली नाही, हे मूत्ररोगतज्ज्ञ पुढच्या भेटीत रक्तदाबाची वही पाहून ठरवणार आहेत. वार्निशची पुढची तारीख मेमध्ये आहे, आणि त्या दिवशी काकूंनी औषधांची पिशवी सोबत आणायची आहे, कापलेल्या पट्ट्यांसकट.